ओपलला हात लावायचा नाही

चांगलं चाललेलं वॉशरकाकांना बघवत नसे. माणसांचं नव्हे, त्या बाबतीत ते फार उदार होते. वस्तूंचं. एखादा पंखा गुमान फिरतोय, एखादं दार आवाज न करता मिटतंय, असं दिसलं की त्यांचे हात शिवशिवू लागत. पंखा आत्ता गुमान फिरतोय, पण उद्या? उद्याचा विचार नको का करायला? मग शिडी यायची, पाना यायचा, आणि संध्याकाळपर्यंत पंख्याला खरोखरच दुरुस्तीची गरज निर्माण झालेली असायची.

काका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होते, गळती शोध विभागात. एका टोकाला पितळी वाटी असलेली लोखंडी काठी रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा, आणि जमिनीखालचा पाइप कुठे ठिबकतोय ते ऐकून सांगायचं, हे त्यांचं काम. कान असा तयार की पाहुणे म्हणून कुठे गेले तरी यजमानांचा कुठला नळ गळतोय हे चहा यायच्या आत कळायचं. खिशात पत्र्याची चपटी डबी, तिच्यात सगळ्या मापांचे रबरी वॉशर. इमारतीतला एकही नळ असा नव्हता की जो त्यांनी निदान एकदा उघडून बसवला नव्हता. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटीही त्यांनी एकदा घट्ट बसवायला काढली होती.

तर अशा माणसाच्या घरात ओपल आला.

काकू शाळेत भूगोल शिकवत. वर्गाच्या भिंतीवर खडक आणि खनिजांचा एक जुना तक्ता होता आणि त्यात खालच्या ओळीत ओपलचं चित्र. छापलं तेव्हा त्यात काय काय रंग असतील ते असोत, आता ते फिक्या चहाच्या डागासारखं दिसत होतं. काकू दरवर्षी सांगायच्या, हा खडा पांढरट असतो, पण हलवला की त्यात हिरवा, तांबडा, जांभळा रंग पळतो. आत काचेसारख्या पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे गोळे ओळीने रचलेले असतात आणि उजेड त्यांच्यातून फुटतो. मुलं चित्राकडे बघत, मग काकूंकडे बघत, आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलाय?" काकू प्रामाणिक. त्या म्हणायच्या, "नाही."

या शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. काकांनी विचारलं, "तुला काय आणू?" तेव्हा काकूंनी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं. ओपलची अंगठी. शेवटच्या दिवशी ती घालून वर्गात जायचं आणि मुलांच्या हातात द्यायची.

दोघं मिळून सराफाकडे गेले. काका तयारीनिशी गेले होते. भिंग, बॅटरी, आणि काकूंनी दोनदा नको म्हटलं तरी ऐकायची काठी. सराफ सभ्य गृहस्थ होता. गिऱ्हाइकानं खड्यावर लोखंडी काठी टेकवून कान लावला तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"काय म्हणतोय?" त्यानं विचारलं.

"आत काही हालचाल नाही," काका म्हणाले.

"उत्तम," सराफ म्हणाला आणि त्यानं एक खडा उलटा करून दाखवला. "हा जोडलेला. वर ओपलचा पातळ काप, खाली काळी पाठ, मधे गोंद. याच्यावर काचेची टोपी घातली की तीन थर. दिसायला झकास. पण पाण्यात राहिला की गोंद सुटतो आणि कडेनं धुरकट होत जातो. कडेकडून बघा, जोडाची रेघ दिसेल." काकांनी भिंग लावलं. रेघ होती. काकांना अशी रेघ सापडली की जो आनंद व्हायचा तो झाला.

मग सराफानं मागच्या कपाटातून दुसरा कप्पा काढला, आणि त्यातली एक अंगठी काकूंनी न विचारताच उचलून बोटात घातली. खडा दुधाळ पांढरा होता. त्यांनी बोट जरासं वळवलं आणि आतून हिरवा रंग एका कडेकडून दुसऱ्या कडेला गेला, त्याच्या मागून तांबडा ठिणगीएवढा उठला आणि विझला. काकूंनी बोट परत वळवलं. परत वळवलं. त्यांच्या तोंडून "अय्या" असं निघालं, आणि काकूंच्या वयाला आणि हुद्द्याला ते शोभलं नाही याची त्यांना पर्वा वाटली नाही.

"हा अख्खा आहे, जोड नाही," सराफ म्हणाला. "पण या जातीची एक खोड आहे, ती मात्र नीट ऐकून घ्या."

आणि नेमकं त्याच वेळी पडद्यामागून आवाज आला. टप.

जगात असे किती नवरे असतील की जे अशा वेळी सराफाचं ऐकतील? बहुतेक सगळेच. पण त्यांना टप ऐकू आलं नसतं. काकांना आलं. त्यांनी मान वळवली. टप. "तुमच्याकडे बेसिन आहे का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते पडद्यामागे गेले. बेसिनखाली वाकून पान्यानं नट सैल करताना बाहेरचं बोलणं तुकड्या-तुकड्यांनी कानावर येत होतं. "...पोटात पाणी असतं..." एवढं स्पष्ट आलं. मग पाना घसरला. "...फार कोरड्यात, गरम जागी ठेवला तर तडे..." हेही आलं. मग नट पडला, तो शोधण्यात वेळ गेला, आणि त्या वेळात सराफ काकूंना जे सांगत होता ते काकांच्या वाट्याला आलं नाही. ते बाहेर आले तेव्हा अंगठी डबीत गेली होती, नळ थांबला होता, आणि सराफ मनापासून आभार मानत होता. काकांना वाटलं, झालं आपलं काम.

घरी आल्यावर काकूंनी डबी हातात घेऊन त्यांना समोर बसवलं.

"एक ऐका. शनिवारपर्यंत याला काही करायचं नाही."

"मी काय करणार?"

"काहीच नाही. तेच सांगतेय. पुसायचं नाही, तेल द्यायचं नाही, स्क्रू आवळायचा नाही."

"अंगठीला स्क्रू नसतो."

"नसला तरी. आईचं शिवणयंत्र तुम्ही नुसतं बघायला घेतलं होतंत, ते आता फक्त मागे शिवतं. मी कधी बोलले? नाही बोलले. पण एकदा, एकदाच, मला एक वस्तू आणून द्या आणि ती तशीच राहू द्या."

काका दुखावले. शिवणयंत्र मागे शिवतं हे खरं, पण शिवतं तर? तरीही त्यांनी शब्द दिला. काकूंनी डबी कपाटात कपड्यांमागे ठेवली. शनिवारपर्यंत आपणही उघडायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं; बघत राहिलो तर पेपर तपासून व्हायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

काकांनी शब्द पाळायचा मनापासून प्रयत्न केला. पण पोटात पाणी आहे, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. ज्या माणसानं उभा जन्म पाणी कुठून निसटतंय ते शोधण्यात घालवला, त्याच्या कपाटात एक पाणी भरलेली वस्तू आहे, बाहेर उन्हाळा आहे, आणि त्या वस्तूला झाकण नाही! पंखा लागला की त्यांना वाटायचं, चाललं पाणी. कपाटावर दुपारचं ऊन आलं की ते उठून पडदा ओढायचे. त्यांनी ऑफिसात बसून बोटांवर दिवस मोजले, घरी येऊन कपाटाला हात लावून पाहिला. कपाट कोमट होतं. जिन्यात त्यांना वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले आणि काकांनी अगदी सहज विषय काढला, म्हणजे त्यांच्या मते सहज.

"डॉक्टर, एखादी वस्तू, जिच्यात मुळात पाणी आहे, ती कोरडी ठेवली तर?"

"कवळी का?" डॉक्टर म्हणाले. "कधीच नाही. वाकते. तडकते. रोज पाण्यात ठेवायची, वाटीत, झाकण लावून. मी पेशंटांना हेच सांगून सांगून थकलो. कुणाची आहे?"

"ओपलची आहे."

डॉक्टरांना ओपल म्हणजे काय ते पक्कं ठाऊक नव्हतं, पण त्यामुळे त्यांच्या सल्ल्यात काही फरक पडला नाही. तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी खालून वर आले. त्यांचा प्रत्येक गोष्टीवर अभ्यास असायचा. ते म्हणाले, "पाणी नको. तेल. पाणी उडून जातं, तेल राहतं. आमच्या मावशीचे मोती तेलातच होते."

"आणि आता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता मावशी नाहीत."

"मोती?"

"ते पिवळे झाले. पण ते तेलामुळे नाही." यावर दोघांची जुंपली, आणि सेक्रेटरींनी प्रश्न पुढच्या सभेत घेण्याची सूचना मांडली. काका तिथून सटकले. पाणी की तेल, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं कधी प्रश्नच नव्हता. पाणीपुरवठा खात्याचा माणूस तेलाकडे वळला असता तर खात्याला काय वाटलं असतं!

त्या संध्याकाळी काकू बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होत्या. काकांनी अंगठी काढली, स्वच्छ वाटीत घरच्या नळाचं पाणी घेतलं आणि अंगठी त्यात सोडली. वाटी झाकून गॅलरीतल्या हत्यारांच्या कपाटात ठेवली. मनाला अशी शांतता कित्येक दिवसांत वाटली नव्हती. शब्द मोडला असं त्यांना वाटलंच नाही. त्यांनी काही केलं नव्हतं. जे आत होतं तेच बाहेरून दिलं होतं.

सकाळी झाकण काढलं आणि काकांची पाचावर धारण बसली.

ओपल गेला होता. अंगठी होती, कोंदण होतं, कोंदणात खडाही होता, पण तो खडा म्हणजे बाटलीच्या तळाचा तुकडा वाटावा असा पारदर्शक झाला होता. आरपार खालचं कोंदण दिसत होतं. हिरवा नाही, तांबडा नाही, जांभळा नाही. काकांनी वळवला, उजेडात धरला, फुंकर मारली, सवयीनं काठीही लावून पाहिली. काही नाही. मग त्यांची नजर वाटीतल्या पाण्याकडे गेली आणि त्यांच्या अंगाला घाम फुटला. रंग खड्यात नाहीत, म्हणजे ते कुठे आहेत? वस्तू कुठेतरी जातेच. हे तर त्यांच्या खात्याचं पहिलं सूत्र. रंग पाण्यात उतरले होते!

हा निष्कर्ष हास्यास्पद वाटत असेल तर एवढंच सांगतो की ज्यानं बायकोला शब्द दिलाय आणि ज्याच्या हातात काचेचा तुकडा आहे, त्याला त्या सकाळी दुसरं काही सुचलं नसतं. काकांनी वाटीतला थेंबही सांडू न देता पाणी दोन बाटल्यांत भरलं. एक बाटली बूच घट्ट लावून हत्यारांच्या कपाटात ठेवली. रंग परत खड्यात घालायचे झाले तर लागले असते. दुसरी घेऊन ते खात्याच्या प्रयोगशाळेत निघाले. अंगठी पुसून वॉशरच्या डबीत ठेवली, कारण ती एकच जागा काकू कधी उघडत नसत. आणि कपाटातली मखमली डबी रिकामी हलकी लागू नये म्हणून तिच्यात अर्ध्या इंचाचा एक वॉशर बसवला. तो बरोबर बसला.

निघताना सराफाला फोन लावला. सराफ प्रदर्शनासाठी परगावी गेला होता आणि शनिवारनंतर येणार होता.

प्रयोगशाळेत केमिस्टबाई होत्या. कामाला चोख, बोलायला मोजक्या.

"पाण्यात काय शोधायचं, साहेब?"

"रंग."

"कुठला?"

"हिरवा. तांबडा. थोडा जांभळा. बाटली फिरवली की दिसेल."

केमिस्टबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पाणी कुठलं?"

"माझ्या घरच्या नळाचं."

"तुमच्या इमारतीच्या नळाच्या पाण्यात हिरवा, तांबडा आणि जांभळा रंग," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तो तुम्ही स्वतः पाहिलात."

"पाण्यात पाहिला नाही. पण तिथेच असणार."

आता सगळं खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण केमिस्टबाईंची मुलगी काकूंच्याच वर्गात होती, आणि ओपलबद्दल सकाळी बोललेला शब्द दुपारच्या सुट्टीत शाळेत पोचला असता. म्हणून काकांनी बाटली टेबलावर ठेवली आणि नमस्कार केला. केमिस्टबाईंनी फोन उचलला. काका घरी पोचायच्या आत इमारतीच्या पाण्याची झडप बंद झाली होती.

नियम असा होता: घरच्या नळात रंग असल्याचा संशय आला की त्या इमारतीचं पाणी तोडायचं. पहिला नमुना पुरावा म्हणून सील करून ठेवायचा, आणि दुसरा नमुना, त्याच इमारतीतला, स्वच्छ निघाल्याशिवाय झडप उघडायची नाही. कुणाही अधिकाऱ्यानं तोंडी सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. नियम उत्तम होता. तो वॉशरकाकांनीच लिहिला होता आणि शेवटच्या वाक्याखाली त्यांनी स्वतः दोन रेघा मारल्या होत्या.

"पण दुसरा नमुना कुठून देऊ?" काका फोनवर कळवळून म्हणाले. "नळाला पाणीच नाही. झडप बंद आहे."

"नमुना स्वच्छ आला की उघडू," केमिस्टबाई म्हणाल्या.

"अहो, झडप उघडल्याशिवाय नमुना येणार कुठून?"

"हे मी तुम्हालाच विचारणार होते, साहेब. नियम तुमचा आहे."

त्यानंतरचे दिवस काकांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. संशय त्यांच्या घरातून निघाला हे इमारतीत कळलं होतं. आजवर ज्यांचे नळ त्यांनी दुरुस्त केले ते सगळे आता त्यांना पाण्यात पाहू लागले, आणि पाणी तर नव्हतंच. कोपऱ्यावर टँकर यायचा. काका अपराधी मनानं आपल्या बादल्या भरायचे, मग डॉक्टरांच्या, मग सेक्रेटरींच्या, मग ज्या आजींना गुडघ्यांचा त्रास होता त्यांच्या, आणि मग ज्यांना काहीच त्रास नव्हता त्यांच्याही. जिन्यात उलट्या दिशेनं येणाऱ्या बायका म्हणायच्या, "काय हो काका, तुम्ही पाण्याच्या खात्यात ना?" काका पुढची बादली उचलायचे. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली. तीत काकांचं नाव नव्हतं, पण खात्याचं होतं, मजल्याचं होतं आणि घराच्या क्रमांकाचंही होतं.

ओपलसाठी काका करणार नव्हते असं नाही. ते बरंच काही करणार होते. काकूंचं केस वाळवायचं यंत्र त्यांनी हेरून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, दवाखान्यातल्या हत्यारं उकळायच्या यंत्रातून एकदा काढू, सगळं निर्मळ होतं. सेक्रेटरींनी तेलाची बाटलीच घरपोच दिली होती. पण वाळवायचं यंत्र हातात घेतलं की टँकर आल्याची हाक यायची. दवाखान्यात जायला निघाले की केमिस्टबाईंचा निरोप यायचा. तेलाचं बूच काढलं की दारात कुणीतरी रिकामी बादली घेऊन उभं. डबी खिशात असायची, काका तिला चाचपायचे, आणि बादली उचलायचे. आयुष्यात पहिल्यांदाच एक बिघडलेली वस्तू त्यांच्या खिशात होती आणि तिला हात लावायला त्यांना सवड नव्हती.

काकूंना काहीतरी वेगळं चाललंय हे कळत होतं. "बरं नाही का तुम्हाला?" एकदा त्यांनी विचारलं. "बाथरूमचं दार कुरकुरतंय, आणि तुम्ही काही केलं नाहीत."

"कुरकुरू दे," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी सकाळी काकू नेसून-सवरून निघाल्या. मखमली डबी त्यांनी न उघडताच पर्समध्ये टाकली. "वर्गातच उघडेन," त्या म्हणाल्या. "मुलांबरोबर. तुम्ही दुपारी या, निरोपाच्या कार्यक्रमाला." काकांनी तोंड उघडलं. नेमके तेव्हाच सेक्रेटरी दारात येऊन उभे राहिले, आणि काकू जिना उतरून गेल्या.

सेक्रेटरी एकटे नव्हते. मागे डॉक्टर होते आणि जवळजवळ सगळी इमारत होती. केमिस्टबाईंनी मेहेरबानी केली होती: झडप बंद व्हायच्या आधी भरून ठेवलेलं नळाचं पाणी इमारतीत कुणाकडे असेल, तर दुसरा नमुना म्हणून ते चालेल. पण आधीचं पाणी कुणाकडेच उरलं नव्हतं. सगळ्यांनी ते पहिल्याच दिवशी संपवलं होतं.

काका जागेवर उभे राहिले. त्यांच्याकडे होतं. हत्यारांच्या कपाटात, बूच घट्ट लावलेलं. आणि त्यांच्या हिशेबानं त्या बाटलीत काकूंचा ओपल होता. बाटली दिली की रंग गेले ते कायमचे. सराफ परत आल्यावर काहीतरी युक्ती सांगेल ही एवढीच आशा त्यांनी इतके दिवस धरून ठेवली होती. समोर गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या. काकांनी आत जाऊन बाटली आणली.

प्रयोगशाळेत केमिस्टबाईंनी ती उजेडात धरली, नळीत ओतली, कसलेकसले थेंब टाकले. काका दुसरीकडे बघत उभे राहिले.

"रंगहीन," केमिस्टबाई म्हणाल्या. "स्वच्छ. पिण्यास योग्य."

"काहीच नाही? जरासा हिरवा?"

"साहेब, अभिनंदन करतेय तुमचं."

म्हणजे रंग तिथेही नव्हते. इमारतीत नळ सुटले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या असं म्हणतात, पण काका तेव्हा शाळेच्या दिशेनं पळत होते. एकच विचार होता. तिनं मुलांसमोर डबी उघडायच्या आत तिला सांगायचं. त्यांच्या वयात माणसानं असं पळू नये, आणि पळताना खिशात वॉशर खुळखुळले तर लोक वळून बघतात हेही त्यांना कळलं, पण ते थांबले नाहीत.

वर्गाच्या दारात पोचले तेव्हा उशीर झाला होता. मुलं टेबलाभोवती गोळा होऊन अंगावर अंग टाकून उभी होती. काकूंच्या हातात उघडी डबी होती आणि मखमलीवर मधोमध अर्ध्या इंचाचा काळा वॉशर.

"बाई, हा ओपल?" एका मुलीनं विचारलं. ती बहुधा केमिस्टबाईंची असावी, सूर तसाच होता.

काकूंनी वर पाहिलं. दारात काका दिसले. त्यांनी मुलांना सभागृहात रांग लावायला पाठवलं आणि वर्ग रिकामा झाल्यावर पहिल्या बाकावर बसल्या. बाक लहान होता, त्यांचे गुडघे वर आले.

"मी पाण्यात ठेवला," काका म्हणाले. दम लागला होता, पण थांबले असते तर बोलता आलं नसतं. "तडे जातील म्हणून. त्याचे रंग गेले. सगळे गेले. काच झाली. तू सांगितलं होतंस आणि मी ठेवला. माझ्यासारखा नालायक माणूस नाही."

"दाखवा," काकू म्हणाल्या.

काकांनी वॉशरची डबी काढून पुढे केली आणि तोंड फिरवलं. झाकणाचा आवाज झाला.  शेवटी काकांनी वळून पाहिलं.

काळ्या वॉशरांच्या मधे ओपल बसला होता, पांढरा, दुधाळ, आणि काकू डबी जराशी वळवत होत्या तसा त्याच्यातून हिरवा रंग इकडून तिकडे पळत होता. तांबडा होता. जांभळाही होता. काका खालीच बसले, शेजारच्या बाकावर.

"ही जात पाणी पिते," काकू म्हणाल्या. "पाण्यात टाकली की काचेसारखी होते. मग कोरड्या जागी काही दिवस नुसती ठेवायची, काही न करता. आपोआप रंग येतात. सराफानं सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा बेसिनखाली होतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पाणी नको म्हटलं असतं तर तुम्ही तेल घातलं असतं." काकांना सेक्रेटरींनी दिलेली बाटली आठवली. "किती दिवस याला हात लावला नाहीत?"

"पाणी तुटल्यापासून. सवडच झाली नाही गं."

काका हसले. त्यांच्या जिवात जीव आला होता आणि आता दोघं मिळून हसतील असं त्यांना वाटलं. पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी अंगठी बोटात घातली, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "रंग आले, बरं झालं. पण सवड असती तर? मी एवढंसं मागितलं होतं हो. तशीच राहू द्या म्हटलं होतं. तुम्हाला चार दिवस नाही राहवलं." त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि त्या सभागृहाकडे गेल्या.

काका मागच्या रांगेत बसले. इमारतीच्या सगळ्या बादल्या एकदम छातीवर ठेवल्यासारखं त्यांना वाटत होतं. मुख्याध्यापक बोलले. मग काकू बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी हात वर केला तेव्हा दिव्याखाली खडा पेटला आणि पहिल्या रांगेतली मुलं ओरडली. काकू सांगू लागल्या की इतकी वर्षं मी तुम्हाला नाही म्हणत आले, आज हो म्हणते, मी ओपल पाहिलाय.

आणि सभागृहाच्या मागच्या भिंतीपाशी, पिण्याच्या पाण्याच्या नळातून आवाज आला. टप.

काकांची मान आपोआप वळली. टप. पाऊण इंची, वॉशर झिजलेला, ऐकूनच कळत होतं. उठून गेलं तर कुणाला दिसलंही नसतं. डबी खिशात होती. टप. त्यांनी मान पुढे केली तेव्हा व्यासपीठावरून काकू त्यांच्याचकडे बघत होत्या. बोलता बोलता त्या थांबल्या होत्या. त्या नळाचा आवाज त्यांना इतकी वर्षं माहीत होता.

काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर ते बसले.

भाषण लांबलं. काकू तक्त्याबद्दल बोलल्या, मुलांबद्दल बोलल्या, नळ ठिबकत राहिला, आणि काकांच्या कपाळावर घाम आला तरी ते हलले नाहीत. टाळ्या झाल्या. ओपल मुलांच्या हातातून फिरू लागला, हा घे, मला दे, अरे वळव की, आणि काकू खाली उतरून काकांच्या शेजारी येऊन बसल्या.

"जा," त्या हळूच म्हणाल्या. "कार्यक्रम झालाय. ऐकतेय मी कधीची."

"गळू दे," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मघाशी टिपलेले डोळे परत भरून आले, पण या वेळी त्यांनी ते टिपले नाहीत. त्यांनी काकांचा एक हात मांडीखालून ओढून बाहेर काढला आणि आपल्या हातात धरला. दोघं तसेच बसून राहिले. मागे नळ ठिबकत होता. टप. टप. टप.

"अहो," थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, "आता मलाच राहवत नाहीये. पाऊण इंचाचा आहे का जवळ?"